चुरगाळे आप्पा

आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. कर्जतला माझ्या माहेरी बघायचा कार्यक्रम होता. मी सांज्याच्या बशा घेऊन बाहेर आले, त्यांच्या पुढ्यात वाकले, तर या गृहस्थांनी सदऱ्याच्या खिशातून कसलीशी पानं काढली, दोन तळव्यांत चुरगाळली आणि थेट माझ्या नाकाला लावली. "वास घे." आता काय म्हणायचं? भर बैठकीत, चार परक्या माणसांसमोर! मी घेतला वास, आणि जी शिंकत सुटले ती थांबेचना. एक बशी नितीनच्या, म्हणजे नवऱ्यामुलाच्या, पँटवर. आई दारात पांढरीफटक. मला वाटलं, मोडलं लग्न, बरं झालं. तर आप्पा हिरवे झालेले हात आमच्या सोफ्याच्या कव्हराला पुसत म्हणाले, "नाक जागं हाय पोरीचं. हीच करू."

ती पानं निर्गुडीची होती. मी कर्जत बाजारपेठेत वाढलेली. मला झेंडू, मोगरा आणि गणपतीची पत्री, एवढ्याच वनस्पती ठाऊक. लग्न होऊन पळसदरीला आले आणि कळलं की सासऱ्यांना अख्खं गाव चुरगाळे आप्पा म्हणतं. आमचं आडनाव ते नाही. पण पोस्टमनसुद्धा नव्या माणसाला चुरगाळ्यांचं घर म्हणूनच पत्ता सांगायचा. या माणसाला झाडाजवळून नुसतं जाता येत नसे. पान तोड, चुरगाळ, हुंग आणि जवळ जो कोणी असेल त्याच्या नाकाशी धर. लग्नात, मयताला, ग्रामपंचायतीत, दवाखान्याच्या रांगेत. उरलेली पानं खिशात. ते सदरे मशीनमध्ये मी धुवायचे! खिसे तपासायला एकदा विसरले की नितीनचे पांढरे शर्ट, पलंगपोस, सगळं पोपटी. हात पुसायचे ते हाताला लागेल त्या कापडाला, आणि हाताला बहुतेक माझी ओढणीच लागायची. "आप्पा, अहो नॅपकिन ठेवलाय ना!" म्हणून ओरडायचे. "हाय का? बरं," म्हणायचे, आणि पुसून मोकळे.

याचं मूळ कुंभिवलीत होतं. हायवेला लागून एक कारखाना होता, साबणाला आणि उदबत्तीला लागणारे वास तयार करणारा. आप्पांनी उभी हयात तिथे पिंपं भरण्यात काढली. दिवसभर मोगरा, गुलाब, चंदन, सगळं पिंपातलं. घरी आले की अंगाला, डब्याला, चपलांनाही वास. नितीन सांगतो, लहानपणी शाळेत मुलं त्याला चिडवायची, तुझा बाप अत्तर लावून कामाला जातो म्हणून. आप्पा स्टेशनवरून घरी येताना सरळ मागच्या वरकसावर चढायचे. वरकस म्हणजे आमची भाताला निरुपयोगी अशी चढाची जमीन. तिच्या खाली भातखाचरं आणि वर देवाची राई, जिथे काटकीसुद्धा तोडायची नाही. त्या वरकसावर बसून पानं चुरगाळून हुंगायची आणि मग घरात यायचं. "दिसभर खोटा मोगरा भरलाय नाकात," म्हणायचे. "जरा धुऊन घेतो."

तुम्हाला वाटेल, अशा माणसाला झाडापाल्याची केवढी माहिती असेल! काय सांगायचं कप्पाळ. नावं विचारावीत तर निम्मी चुकीची. शिवाय त्यांची स्वतःची नावं. निर्गुडी म्हणजे म्हातारीचं झाड, कारण सांधे धरलेल्या त्यांच्या आजीच्या अंगाला तो वास असे. रानातला कढीलिंब म्हणजे फोडणी. कुड्याला वैशाखात पांढरी फुलं येतात, तो म्हणजे लग्नघर. करवंदीची जाळी फुलली की 'परीक्षा', कारण ती त्याच दिवसांत फुलते. एकदा कॉलेजच्या एक बाई विद्यार्थ्यांना घेऊन राई बघायला आल्या. आप्पांनी त्यांना दोन तास हिंडवलं आणि एकाही झुडपाचं धड नाव सांगितलं नाही. त्यांनी वहीत लग्नघर लिहून घेतलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

झाडांविषयी त्यांचं एक तत्त्वज्ञान मात्र होतं आणि ते जेवताना ऐकावं लागे. "लोक रान बगायला येतात आन् मान वर करून बगतात," घास हातात तसाच धरून सांगायचे. "झाडं म्हंजे काय? घराच्या तुळया. आन् गवत म्हंजे जमीन. तुळयांवर कोन राहतं का, बाय? राहायची जागा मदी. रानाची वस्ती समदी झुडपांत." बुलबुल, शिंजीर, मुंगूस, ससा, सगळ्यांचे पत्ते त्यांना पाठ. राईच्या आणि शेताच्या मधे झुडपांचा पट्टा हवाच, तो गेला की राई उघडी पडते, उन्हानं करपते, वणवा सरळ आत शिरतो. म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांनी वरकस राखायला घेतला. घाणेरीचं झुडूप दिसलं की कुदळ. "ही बाहेरची. दुसऱ्याच्या घरात शिरून चूल मांडते," म्हणायचे. तिची मुळं खणून काढायची आणि त्या जागी निर्गुडीची फांदी खोचायची, कुड्याचं, करवंदीचं, गेळ्याचं बी टाकायचं, कढीलिंबाचे फुटवे लावायचे. दहा-बारा वर्षांत तो चढ असा भरला की त्यातून माणूस वर जाईना.

आणि नेमका तोच चढ मला हवा होता.

कारण सांगते. भातशेतीवर आमचं भागेना, नितीनची नोकरी सुटली. धरणामुळे पळसदरीला शनिवार-रविवार माणसं येतात, म्हणून आम्ही मागच्या बाजूला पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या. माझाच हट्ट. घर त्यावर चालायचं होतं. आणि येणारा प्रत्येक पाहुणा पहिला प्रश्न विचारी, लॉन आहे का? मागच्या चढावर पायऱ्या-पायऱ्यांनी हिरवळ केली, दोन पाम लावले, चार दिवे सोडले, की फोटोत आमचं ठिकाण शेजारच्या बंगल्यांपेक्षा उजवं दिसलं असतं. मी आप्पांना हे समजावून सांगितलं, गोडीत सांगितलं, भांडून सांगितलं. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "लानला वास काय असतो?"

त्यांना वाटे पाहुण्यांना वासच हवा. म्हणून त्यांनी गपचूप खोल्यांच्या खिडक्यांखाली निर्गुडी लावली. मला पत्ता नाही. ती वाढली, वारा आत वाहू लागला आणि ठाण्याच्या एक बाई सकाळी माझ्याकडे आल्या. "खोलीत कोणीतरी बाम लावून झोपलंय का हो?" दुसऱ्या एका कुटुंबानं घरी फोडणीला न्यायला कढीलिंबाची पानं तोडली, तर आप्पा धावत आले आणि त्यांच्या हातातून डहाळी काढून घेतली, कारण तिच्यावर फुलपाखराच्या अळ्या होत्या. "त्या आदी आल्यात," म्हणाले. "तुमी शनवारी आलात." इंटरनेटवर लोक अभिप्राय लिहितात ना, त्यात आम्हाला एकानं लिहिलं होतं, जेवण उत्तम, खोल्या स्वच्छ, पण एक वृद्ध गृहस्थ जबरदस्तीनं पानं हुंगायला लावतात. मी तो अभिप्राय त्यांना वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, "कंचं पान हुंगलं ते लिवलंय का?"

नाकी नऊ आणले होते या माणसानं माझ्या.

मग एका फाल्गुनात आप्पांना ताप आला. साधासुधा नाही; माणूस बडबडायला लागला. कर्जतच्या दवाखान्यात ठेवलं, आणि तिथे त्यांनी चांगले पंधरा-वीस दिवस काढले. मी आणि नितीन आलटून पालटून उशाशी. घराकडे बघायला नितीनचा चुलतभाऊ होता, दामू. दामू म्हणजे मोठा कामाचा माणूस. हाक मारायच्या आत हजर, आणि सांगितल्यापेक्षा दुप्पट करणार. आमच्याकडे भाताची रोपं टाकायच्या आधी ती जागा भाजतात. फांद्या, पाला, शेण, गवत यांचा थर पसरायचा आणि पेटवायचा, त्याला राब म्हणतात. राब भाजला नाही तर रोप धड येत नाही, आणि घरचा माणूस आजारी असला तर त्याचा राब भावकीतल्या कुणीतरी भाजून द्यायचा, ही जुनी रीत. दामूनं रीत पाळली. आप्पा अंथरुणावर, त्यांचा राब राहायला नको. मग फांद्या कुठून आणायच्या? लांब कशाला जा? घरामागे आयता झाडोरा. कुडा तेव्हा निष्पर्ण असतो, दिसतो नुसता काड्यांचा भारा. दामूनं कोयता घेतला आणि अख्खा वरकस खालपासून वरपर्यंत उतरवला, वाळवला, आप्पांच्याच खाचरात जाडजूड थर दिला आणि आम्ही घरी यायच्या दिवशी सकाळी पेटवला. म्हणजे आप्पा आले की त्यांना बरं वाटेल!

आम्ही गाडीतून उतरलो तर वास. अगं आई गं, काय तो वास! बाम, फोडणी, कडवट साल, जळकं गोड काहीतरी, सगळं एकात एक. मला तेव्हा आप्पांच्या निम्म्यानंही वास ओळखता येत नव्हते, पण निर्गुडी मी झोपेत ओळखली असती. नितीननं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. घराच्या पुढच्या बाजूनं मागचं काही दिसत नाही. मी आप्पांचा दंड घट्ट धरला. म्हटलं, आता हा माणूस ओरडणार, नाहीतर इथेच पडणार. आप्पा हळूहळू चालत ओट्यावर आले, बसले, डोळे चोळले. म्हणाले, "राब भाजला वाटतं कोनी. धूर डोळ्यांत जातोय."

बस्स. एवढंच.

मी लगबगीनं उठले. दारातल्या तुळशीचं पान तोडलं, चुरगाळलं आणि त्यांच्या नाकाशी धरलं. त्यांनी माझा हात बाजूला केला. "नको, बाय," म्हणाले. "गेलाय वास. दवाखान्यातच गेला. म्हनलं घरी आल्यावर येल." डॉक्टरांनाही त्यांनी सांगितलं नव्हतं. नंतर आम्ही विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, काहींना परत येतो, काहींना नाही.

एवढ्यात दामू आला, हात काळे, तोंडभर हसू. "आप्पा, काय काळजी करू नका. मागचा समदा झाडोरा साफ केला. असा राब तालुक्यात कुनाचा नसंल!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तोच आप्पांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. दामूला म्हणाले, "बरं केलंस रं. च्या घेऊन जा." तो चहा मलाच करावा लागला! दामू गेल्यावर मी विचारलं, "अहो, त्याला एक शब्द बोलला नाहीत?" म्हणाले, "आजाऱ्याचा राब भाजनाऱ्याला बोलायचं नस्तं, गं. उद्या कोन कोनाचा भाजंल?"

त्यानंतरचे आप्पा मला सहन होईनात. एवढी वर्षं ज्या माणसाशी भांडले, तो भांडेचना. खिसे रिकामे, ओढण्या स्वच्छ, मशीनमधून शर्ट पांढरे शुभ्र बाहेर येत. भाजी खारट झाली तरी निमूट जेवत. नितीन म्हणाला, आता चढ साफ झालाच आहे तर लॉन करून घेऊ. आप्पांना विचारलं तर म्हणाले, "करा तुमच्या मनासारकं." काय म्हणावं या माणसाला! मी मनात म्हणायचे, अहो, एकदा तरी विचारा ना, लानला वास काय असतो म्हणून. नितीननं गवताच्या लाद्या सांगितल्या. वैशाख संपता संपता त्या यायच्या होत्या.

ज्या दिवशी टेंपो यायचा त्या सकाळी आप्पा काठी टेकत मागे गेले. मी मागोमाग, पडले तर माझ्याच जिवाला घोर म्हणून. वरकस म्हणजे नुसते खुंट. पण वाकून पाहिलं तर प्रत्येक खुंटाच्या बुडाशी फुटवे. निर्गुडीचे वीतभर, कुड्याचे लालसर, कढीलिंब तर मुळापासून दहा ठिकाणी वर आलेला. "येनारच," आप्पा म्हणाले. "तोडल्यानं झुडूप मरत नाय. खनल्यानं मरतं." आणि लॉनसाठी तर खणावंच लागणार होतं. ते त्यांनाही माहीत होतं. निर्गुडीची चार पानं तोडली, चुरगाळली, स्वतःच्या नाकाशी नेली, थांबले. मग माझ्या नाकाशी धरली. पहिल्यासारखीच, थेट.

"सांग," म्हणाले.

"काय सांगू? निर्गुडी आहे."

"नाव मला दिसतंय. वास सांग."

"चांगला आहे."

"चांगला हा काय वास नाय, बाय."

"अहो, मग कडू. तिखट. बामासारखा. मला नाही येत तुमच्यासारखं!"

"नीट घे आन् सांग."

पुढून हॉर्न वाजला. टेंपो आला होता. तो कर्जतच्या मुस्तफाभाईंचा. आमच्या खोल्यांचं सगळं सामान त्यांनीच आणलेलं. ते सरळ मागेच आले. "भाभी, लवकर सांगा कुठे उतरवू, उन्हात गवत सुकतंय." इकडे हे, तिकडे ते. आप्पांचा हात नाकासमोरून हलेना. आणि माझा तोल सुटला. मी म्हटलं, "सांगू? सांगूच? तुम्ही मला बघायला आला होतात. आईनं सांजा केला होता. मी नवी साडी नेसले होते, आणि तुम्ही सगळ्यांसमोर हे माझ्या नाकात कोंबलंत. मला शिंका आल्या, सांजा सांडला, सगळे बघायला लागले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याचा वास येतोय! झालं समाधान?"

आप्पांचे डोळे भरले आणि ते हसायला लागले. "हां," म्हणाले. "हां. तोच. बराबर तोच." आणि हात माझ्या ओढणीला पुसले.

मुस्तफाभाई अवघडून उभे. आप्पांनी त्यांनाही सोडलं नाही. कढीलिंबाचं पान चुरगाळून त्यांच्या नाकाशी धरलं. "सांगा." ते बिचारे म्हणाले, "अम्मीच्या हातची कढी, चाचा." त्यांचं पहिल्या झटक्यात बरोबर आलं याचा मला उगाच राग आला. मी म्हटलं, "मुस्तफाभाई, गवत परत न्या." नितीन संध्याकाळी माझ्यावर उखडला, ठरलेलं मोडलंस म्हणून. मी त्याला म्हटलं, "लॉनचा काय वास सांगू रे मी या माणसाला रोज?"

रोजच सांगावं लागे. चार वर्षं. त्यांचा वास परत आला नाही. सकाळी पोळ्या लाटत असले तरी पान नाकाशी यायचं आणि 'सांग'. साधं काही चालायचं नाही. छान, मस्त, उग्र, असले शब्द ते परत पाठवायचे. करवंदीच्या फुलांना मी एकदा पावडर म्हटलं, तर म्हणाले, "कुनाची पावडर? कवा लावलेली?" मी विचार करून म्हटलं, मामेबहिणीची, लग्नाला जाताना गाडीत बसायच्या आधी लावलेली. मग समाधान. मी फोनवर बोलत असताना, हिशेब करत असताना, पाहुण्यांशी बोलत असताना. पुढे पाहुणेच मला विचारायला लागले, मॅडम, आजचं काय? लॉन आमच्याकडे अजूनही नाही, आणि वरकस पुन्हा असा भरलाय की दामूला दरवर्षी फाल्गुनात दम द्यावा लागतो. त्याच्या राबासाठी मी दुसरीकडून फांद्या आणवते.

गेल्या मार्गशीर्षात आप्पा गेले. त्याच्या दोन दिवस आधी त्यांनी खाणं सोडलं होतं, बोलणंही. नितीन पायाशी बसून होता. दुपारची वेळ, घरात सगळं शांत, आणि मला ती शांतता काही केल्या सोसेना. उठले, खिडकीखालची निर्गुडी तोडली, देठ काढले, दोन तळव्यांत नीट चुरगाळली आणि त्यांच्या नाकाला लावली. "वास घ्या," म्हटलं. नितीन म्हणाला, "अगं, काय करतेस?" आणि आप्पा शिंकले. खणखणीत. एक, मग आणखी एक.

मला हसू आलं आणि रडूही आलं. "बघा," म्हटलं, "नाक जागं आहे तुमचं!"

आप्पांनी डोळे उघडले. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"माजं कवाच निजलं, बाय," म्हणाले. "तुजं जागं हाय ना?"

"आहे."

"मंग झालं."

आणि माझ्या ओढणीला नाक पुसलं. नवीकोरी ओढणी होती.